घाटातला काजूचा वास

घाट उतरताना भाजलेल्या काजूंचा वास आला आणि शमिकाने मांडीवरच्या इराला घट्ट धरलं.

"भिकाजीकाका, आपले ब्रेक तापलेत का?"

"नाय ओ वैनी. खालच्या वाडीत कोणीतरी काजू भाजतंय," गाडी चालवणारा भिकाजी म्हणाला.

पूर्वी ब्रेक जळाले की घाण वास सुटायचा, गाडीतले सगळे ओरडायचे. काजूच्या टरफलांपासून बनवलेले ब्रेक आल्यापासून ते तापले की भाजलेल्या काजूंचा वास यायचा आणि नुसती भूक लागायची. दात न आलेली इरासुद्धा ओठ चाटत होती.

"पण काका, गणपतीत काजू कोण भाजतं? हंगाम वैशाखातच संपला ना?"

भिकाजीने गाडी डोंगराकडेच्या मोकळ्या जागेत घेतली आणि उतरून चाकांजवळ हात नेला.

"गारच आहेत ओ! मग वास कोणाचा?"

शमिकालाही कळेना. वास तर वाढतच होता. तेवढ्यात वरच्या वळणावर हॉर्न वाजू लागला, तो थांबेचना. चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक काजूंचा तोच वास सोडत त्यांच्या शेजारून सुसाट खाली गेला.

सुटलेल्या गाड्यांसाठी खाली वाळू टाकलेली होती. तिच्यात ट्रक रुतल्याचा धप्प आवाज आला. मग त्याच्या ड्रायव्हरची सणसणीत शिवी ऐकू आली आणि शमिकाला एकदम रडूच फुटलं.