ठसका

“शी इज व्हेरी ॲव्हरेज, मॅडम,” दिगंबर टिपणीस हसत हसत म्हणाले, आणि त्यांच्या मुलीने, सुलेखाने, चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

समोर बसलेल्या कोच हॅलोरनने चिवड्याची बशी खाली ठेवली. सत्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी ही बाई न्यू इंग्लंडमधल्या आपल्या कॉलेजातून बर्फातून गाडी हाकत टिपणीसांच्या घरी, वेस्ट विंडसरला आली होती, ती सुलेखाला कॉलेजच्या मुलींच्या आइस हॉकी टीममध्ये घ्यायचं की नाही हे ठरवायला. सकाळची मॅच तिने पाहिली होती. सगळ्या टीममध्ये सुलेखा एकटी मुलगी, बाकी सगळे मुलगे, आणि दोन्ही गोल सुलेखाचे. आता फक्त घरच्यांना भेटायचं राहिलं होतं. ते ‘फक्त’च सुलेखाला मॅचपेक्षा जड जात होतं.

“ॲव्हरेज?” कोचने विचारलं.

“अभ्यास ठीक. खेळही आपला असाच,” बाबा आणखी रंगात आले. “नथिंग स्पेशल.”

पाहुण्यांसमोर आपल्या लेकीचं कौतुक आपण करायचं नाही. ते पाहुण्याने करायचं, मग आपण ‘छे हो, कसलं काय’ म्हणायचं, मग पाहुण्याने दुप्पट करायचं. गणपतीला मराठी मंडळी जमली की हा खेळ झकास रंगायचा, कारण सगळ्यांनाच त्यातल्या चाली पाठ. कोचला त्या कुठून ठाऊक असणार? तिने शब्द जसाच्या तसा उचलला होता.

“आणि तुम्हाला काय वाटतं, मिसेस टिपणीस?”

साडीवर स्वेटर घातलेली मालिनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. “शी फॉल्स,” ती खाली बघत म्हणाली. “सारखी पडते.”

धडधडीत खोटं! सुलेखाला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भल्या पहाटे रिंकवर सोडायला येणारी आई सगळ्यात वरच्या बाकावर बसून विणत असायची. तिने मान वर करून बर्फाकडे पाहिल्याचं सुलेखाला आठवतही नव्हतं. आणि ही सांगणार मी पडते म्हणून!

कोचने जॅकेट मांडीवर ओढलं. “स्पष्टच सांगते. माझ्याकडे एकच जागा उरलीय, आणि उद्या मला कनेटिकटमधल्या एका मुलीला भेटायचंय. गेल्या वर्षी एका मुलीच्या घरच्यांनी ऐन ऑगस्टमध्ये पाय मागे घेतला. पूर्ण सीझन मी एक खेळाडू कमी घेऊन काढला. जिच्या घरच्यांचाच तिच्यावर विश्वास नाही, अशी मुलगी मी पुन्हा घेणार नाही.”

“दे डोन्ट मीन इट!” सुलेखा ताडकन उठली. “आमच्यात असंच बोलतात, कोच. रिअली. इट्स जस्ट मॅनर्स.”

“असेल, सू. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायला हवं.”

कोच उठली. बाबा गडबडले. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्यांना उमगलं, पण नेमकं काय ते कळेना. “मॅडम, चहा तरी घ्या,” ते म्हणाले. कोच थँक यू म्हणाली आणि दाराशी जाऊन बूट चढवायला लागली.

“आई, प्लीज.” सुलेखा कितीतरी दिवसांनी घरात मराठीत बोलली. “एकदा. तोंडाने म्हण ना.”

“आईने म्हणू नये गं,” मालिनी कुजबुजली. “दृष्ट लागते. आईची तर सगळ्यात वाईट लागते.”

कोचचा एक बूट चढला होता. दुसरा तिने हातात घेतला.

मालिनीने ट्रे ठेवला. कपांतला चहा बशांत सांडला.

“नोबडी कॅन कॅच हर,” ती म्हणाली.

कोचचा हात थांबला.

“बॉईज कम फ्रॉम राइट. शी गोज लेफ्ट, अँड गॉन. दे पुश, दे पुश, शी डझ नॉट फॉल. फोर इयर्स आय ॲम वॉचिंग.” तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “शी इज द बेस्ट. आय ॲम सेइंग. मदर इज सेइंग.”

आणि लगेच तिने दोन्ही हात लेकीच्या तोंडावरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. तो आवाज ऐकून कोच दचकलीच.

 बाकावरचा आईचा तो लोकरीचा गुंडा सुलेखाच्या डोळ्यांपुढे आला. कित्येक हिवाळे सरले, पण आईचा एकसुद्धा स्वेटर पुरा झालेला नव्हता.

कोचने मायलेकींकडे आळीपाळीने पाहिलं आणि दुसरा बूट चढवला.

“सप्टेंबरमध्ये भेटू, सू,” ती म्हणाली. “कनेटिकटला मी फोन करून टाकते.”

गाडी कोपऱ्यावरून वळली तशी मालिनीने सुलेखाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. बाबा न सांगता स्टुलावर चढले आणि त्यांनी स्मोक अलार्मची बॅटरी काढली. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत धरून मालिनीने लेकीवरून उतरवल्या, आणि इलेक्ट्रिक शेगडीवरच्या तापल्या तव्यात टाकल्या.

मिरच्या काळ्या पडल्या. धूर छताला लागला. तिघंही वाट बघत राहिले, पण कुणालाच ठसका लागला नाही.

“म्हणजे दृष्ट लागलेली होती,” बाबा म्हणाले. “त्या बाईची?”

“तिची कशाला?” तव्यावरची नजर न काढता मालिनी म्हणाली. “माझीच. चार वर्षांची आहे.”