अकरा वसाहती

झाडाच्या ढोलीत हात घालताच डॉ. केतकी सबनीस किंचाळल्या, आणि लगेच हसायलाच लागल्या. त्यांना मधमाशी चावली होती.

"उभ्या जन्मात पहिल्यांदा! आमच्या माश्यांना काटा नसतो मावशी, बॅटरी असते."

या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या मध काढणाऱ्या घरातल्या मैनी पुंगाटीने नखाने काटा खरवडून काढला. भामरागडच्या या जंगलाबाहेर जिवंत मधमाशी उरली नव्हती. देशभरच्या बागा यंत्रमाश्यांवर फळत होत्या आणि आता त्याही पुऱ्या पडेनात. म्हणून इथल्या बावीसच्या बावीस वसाहती न्यायचा हुकूम घेऊन केतकी आल्या होत्या.

"सगळ्या नाही," मैनी म्हणाली. "आम्ही पोळं अर्धंच काढतो. दुष्काळात माझी आजी उपाशी राहिली, पण माशीच्या वाट्याला तिनं हात लावला नाही. तू अकरा ने."

"मावशी, वरून हुकूम आहे."

"हुकूम काढणाऱ्यांच्या माश्या कुठं गेल्या गं?"

केतकींनी कार्यालयाला फोन लावला. "साहेब, अकराच मिळतील. आणि त्या जगवायच्या तर आधी मला इथं राहून शिकावं लागेल."

चार वर्षांनी नाशिकच्या डाळिंबपट्ट्यात पुन्हा गुणगुण ऐकू आली. बागायतदारांनी मैनीला भाषणाला बोलावलं. "मी माझ्या माडिया बोलीतच बोलणार," ती म्हणाली.

भाषांतराला, तिच्याकडे राहून माडिया शिकलेल्या केतकी उभ्या राहिल्या. मैनी ताठ मानेने एकेक गोष्ट सांगत गेली आणि भरलेल्या सभागृहात सगळे खाली मान घालून लिहून घेत राहिले.