सावकाश चार्जिंग

लॉर्नने आधी डोरीनच्या ट्रकच्या बॅटरीवर दोन्ही बाजूंनी हात फिरवला.

"फुगलेली नाही. म्हणजे गोठलेली नाही. गोठलेली असती तर चार्जर लावायचाच नाही, डोरीन."

डोरीनने मान डोलावली. हे ती सहाव्यांदा ऐकत होती.

बाहेर उणे अठ्ठावीस होतं, तरी त्याने गॅरेजचं दार हातभर वर केलं. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, तो कोंडता कामा नये. त्याच कारणाने त्याने तोंडातला पेटता पाइप दाराबाहेर बर्फात खोचून ठेवला. मग डोळ्यांवर जाड चष्मा, लाल चिमटा प्लसला, काळा बॅटरीपासून लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि भिंतीतलं बटण सगळ्यात शेवटी. काढताना हेच उलट क्रमाने.

चार्जरवर जलद चार्जचाही खटका आहे, तो का नको, असं डोरीनने एकदा विचारलं होतं. त्यावर त्याने तिला दहा मिनिटं समजावलं. सावकाश म्हणजे चार तास, आणि चालू चार्जर टाकून घरी जायचं नाही, हा त्याचा नियम. मग दोघं लागूनच असलेल्या स्वयंपाकघरात पत्ते खेळत आणि पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात बसत. डावात लॉर्न लबाडी करतो असं डोरीन म्हणायची. तो ते नाकारत नसे.

तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. लॉर्न पलीकडच्या शेतावर एकटाच राहायचा, आणि कामाशिवाय कुणाच्या घरी जाऊन बसणारा माणूस नव्हता. म्हणून डोरीनने काम काढलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ती ट्रकचे पुढचे दिवे लावून ठेवी, शनिवारी सकाळी बंद करी आणि मग त्याला फोन करी. एका शुक्रवारी दिवे लावल्याचं तिला आठवेना, पण सकाळी पाहिलं तर लावलेलेच होते. वय झालं, ती मनाशी म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी जोडी नावाची तिची मुलगी रेजायना शहरातून आली ती नवी बॅटरी घेऊनच. स्वतः बसवून दिली. निघताना म्हणाली, "आता त्या बिचाऱ्याला थंडीत पिडू नकोस, आई."

डोरीनला ते लागलं. सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले, आणि आपण त्याला फसवून बोलावतो. तिने लॉर्नला फोन करून नव्या बॅटरीचं सांगितलं. ती कुठल्या कंपनीची, किती क्षमतेची, ते त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, बरं झालं.

त्या संध्याकाळी तिने दिव्यांचा खटका बंद असल्याचं दोनदा पाहिलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं. कुलूप त्या भागात कुणीच लावत नसे.

शनिवारी ब्रेड आणायला म्हणून ती ट्रकमध्ये बसली. किल्ली फिरवली. टक् टक् झालं, पुढे काही नाही. दिव्यांचा खटका चालू होता.

ती तशीच बसून राहिली. तिने कुणालाही फोन केला नव्हता. इतक्यात गॅरेजचं दार कंबरेइतकं वर झालं, बर्फात पाइप खोचला गेला, आणि चार्जर घेऊन लॉर्न वाकून आत आला.

"नवी बॅटरी," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "हिला सहा तास लागतील."