ऐदी

त्याला घरात सगळे ऐदी म्हणत. दोन बादल्या उचलल्या की तो आडवा व्हायचा आणि थोरली ताई म्हणायची, “झाली साहेबांची मजुरी.” मग ताईच्या मुलीला झटके येऊ लागले. आजार आईकडून सगळ्या मुलांत उतरणारा निघाला; म्हणजे ताईसारखाच त्यालाही तो त्यांच्या आईकडून आलेला असू शकत होता, म्हणून मामा या नात्याने त्याच्याही मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून पांढरे डाग दाखवले. “भाचीसारखेच आहेत. पेशींना ताकद पुरवणाऱ्या यंत्रणेतच दोष आहे. तुम्ही लवकर थकता ते त्यामुळेच.” “म्हणजे मी ऐदी नाही?” “नाही.” “बरं झालं, कळलं,” एवढंच तो म्हणाला. ताईने फिल्म पाकिटात घातली. परतताना तो जिन्यात दम खायला बसला. ताई शेजारी टेकली. “मलाही असाच दम लागतो रे, पहिल्यापासून. तुला बसतात तसे टोमणे मला नकोत म्हणून रेटत आले.” तो जरा सरकला. “मग बस निवांत. घाई कसलीय?”