मुठीतली जागा

अपघातात वल्लरीचा उजवा हात गेला, तेव्हापासून तिचा नवरा नितीश जॉन्सनव्हिलच्या घरातल्या गॅरेजमध्ये तिच्यासाठी यांत्रिक हात जुळवत होता. बोटं हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी आधी नुसत्या थरथरायच्या. त्यांना वेगळा पॉवर सप्लाय दिला, प्लास्टिकचे गिअर काढून धातूचे बसवले, तेव्हा कुठे बोटं अलगद मिटू लागली.

पण २०१६च्या जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका थंडगार दुपारी मूठ अर्ध्यावरच अडली. मोटरी गुणगुणत होत्या, मीटरवर करंट चढत होता. म्हणजे त्या कशावर तरी जोर लावत होत्या. मुठीत तर काहीच नव्हतं.

नितीशने तारा तपासल्या, बोटं उघडून पुन्हा मिटवली. पुन्हा तिथेच अडली. वैतागून त्याने व्होल्टेज पाचावरून सहावर नेलं. मूठ केसभर आवळली.

"थांब ना जरा," म्हणत वल्लरीने डाव्या हाताचं बोट त्या पोकळीत घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"नितीश, आत ऊब आहे रे. हलतंय काहीतरी."

त्याने वायर उपटली. गुणगुण थांबली, मोटरी निर्जीव झाल्या.

मग ती मिटलेली बोटं, एकेक करून, आतून उघडली जाऊ लागली.