पुंजाराम खाली उतरेपर्यंत

"त्या हँडलला हात लावायचा नाय," द्वारका म्हणाली आणि सबस्टेशनच्या पॅनलसमोर फरशीवर फतकल मारून बसली.

ऑपरेटर सांडूनं कपाळाला हात लावला. "वहिनी, इथं बाहेरच्या माणसाला बसता येत नाय. साहेब आले तर माझी नोकरी जाईल."

"तुमची नोकरी जाईल. माझा नवरा खांबावर हाय."

आदल्या दिवशीच्या वादळानं शहराची पार रया घालवली होती. छावणीतली जुनी झाडं मुळासकट आडवी झाली होती. पत्रे उडून तारांवर लटकले होते. सकाळपासून सफाई चालली होती. सफाई म्हणजे काय, तर जेसीबी आधी बंगल्यांपुढचे रस्ते मोकळे करत होते आणि तिथला पालापाचोळा आणून वस्तीच्या नाल्यात कोंबत होते. तारा जोडायला मात्र कंत्राटी माणसं. पुंजाराम त्यातलाच. हातमोजे फाटके, एका बुटाचा तळ गेलेला.

मागच्या उन्हाळ्यात अशाच वादळानंतर त्याचा जोडीदार फकिरा खांबावर जळाला होता. त्याला खाली उतरवलं पुंजारामनंच. तेव्हापासून नवरा खांबावर असला की द्वारकाच्या घशाखाली घास उतरत नसे.

फोन वाजला. सांडूनं "व्हय साहेब, व्हय" करून ठेवला.

"कोण?" द्वारकानं विचारलं.

"नगरसेवकाचा माणूस. लाईट कधी लावता म्हणतो. एसी बंद हाय त्यांचा."

"एसीवाचून कुणी मरत नाय."

"अन् तुमची सासू? तिला ऑक्सिजनची मशीन लागती ना? तरी तुम्हीच लाईट अडवून बसल्या."

द्वारकानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाली, "आत्याबाईंना सिलिंडर लावून आले. शेजारचे मंडपवाले कय्युमभाई बसलेत त्यांच्यापाशी. निभंल संध्याकाळपर्यंत."

सांडू नरमला. स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"वहिनी, हे पाप माझ्या हातून व्हायचं नाय. पुंजाराम सोता इथं येऊन सांगत नाय तोवर मी हँडल चढवत नाय. कुणाचा बाप येऊ द्या. पण खरं सांगू का? फकिरा इथल्या लाईटीनं मेलाच नव्हता. त्या दिवशीबी हे बंदच होतं."

"मग कशानं मेला?"

"जनरेटरनं. घरचा मेन स्विच न पाडता जनरेटर लावलं की ती लाईट उलटी वायरीनं बाहेर जाती. थेट खांबावर. एका लग्नाच्या लॉनवाल्यानं लावलं, शेजारच्या घरांत बल्ब लागले. लोकांना वाटलं, बोर्डाची लाईट आली. फकिरा वर चिकटला होता, कुणी मान वर करून पाहिलंसुदिक नाय."

द्वारका ताडकन उठली. कारण रस्त्यापलीकडून, आप्पासाहेबांच्या लॉनवरून, मघापासून जनरेटरची धडधड येत होती आणि तिनं ती ऐकून न ऐकल्यासारखी केली होती.

ती चप्पल न घालताच धावली. फांद्या तुडवत, वॉचमनला ढकलून आत गेली. आप्पासाहेब खुर्चीत बसून पडलेली कमान उभी करून घेत होते.

"जनरेटर बंद करा."

"का गं बाई? उद्या लग्न आहे इथं. दूध, श्रीखंड सगळं नासेल."

"माझा माणूस खांबावर हाय. मेन पाडलाय का?"

"मी काय अडाणी वाटलो तुला?" त्यांनी उठून बोर्ड दाखवला. मेन खाली पाडलेला, वर कुलूप. "वायरमननं कालच पाडलाय. झालं समाधान?"

"नाय झालं. कुलपावर माझा भरवसा नाय. फकिराच्या वेळीबी समदे असंच म्हणत होते."

"कोण फकिरा?"

द्वारकाच्या मस्तकात तिडीक गेली. "तुमच्यासारख्याच एका लॉनच्या दिव्यांसाठी जळाला तो. बंद करता का मीच दगड घालू?"

कामावरचे मजूर थांबून बघायला लागले. आप्पासाहेबांनी तोंड वाकडं करून हात हलवला. धडधड थांबली.

ती परतली तेव्हा सांडू दारातच उभा होता. "शेवटचा खांब राहिला, वहिनी. तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी. आत्ताच चढलाय वर, तेवढा जोडला की मोकळा."

द्वारका दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्याली. ऊन कलत होतं. सगळा भाग चिडीचूप. कुठंच जनरेटर वाजत नव्हतं.

तिचा फोन वाजला. कय्युम होता.

"भाभी, सिलिंडर खतम हो गया. अम्मांचे ओठ निळे पडायले."

"या अल्लाह," मागून त्याच्या बायकोचा, जाहेदाचा आवाज आला. "सांस नहीं ले रही अम्मां."

द्वारका उभी राहिली. "कायबी करा कय्युमभाई, पण मशीन चालू करा. म्हातारी गेली तर ते मला जन्मात माफ करायचे नायत."

"मेरा मंडपवाला जनरेटर लगाऊं क्या?"

"इचारता काय? लावा. आधी लावा."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. काहीतरी ओढल्याचा आवाज. दोरीचे झटके. मग घरघर सुरू झाली आणि तिच्यात मशीनचा तो रोजचा सुस्कारा मिसळला. सासू खोकली. खूप वेळ खोकली.

"द्वारके," सासूचा खोल आवाज आला, "पाणी दे गं."

द्वारका भिंतीला टेकून खाली बसली. डोळ्यांना धार लागली होती. "जगली," ती सांडूला म्हणाली. सांडूही हसला.

फोनमध्ये कय्युम हसत होता. "भाभी, कमाल झाली. नुसती वायर घातली तुमच्या प्लगात, अन् बाजूच्या मनकर्णाबाईचा पंखाबी फिरायला लागला. समद्या गल्लीत लाईट आली."