चादरीआडचा आवाज

दोन नंबरचा आवाज सुरू झाला आणि गाण्याच्या बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. ही तर लेक!

यंदा स्पर्धेला कोण जाणार ते ठरवायला वर्गात दोरीवर चादर टांगली होती. मुली चिठ्ठीत आलेल्या नंबराप्रमाणे तिच्यामागून एकेक करून गात होत्या, कोण गातंय ते कळायला नको म्हणून. युक्ती बाईंचीच. मागच्या स्पर्धेला लेकीला पाठवलं तेव्हा स्टाफरूममध्ये झालेली कुजबुज त्यांना चांगलीच झोंबली होती.

पण पोटच्या पोरीचा आवाज चादरीने थोडाच लपतो? वरच्या सुराआधीचा तो चोरटा श्वास बाईंनीच तर शिकवलेला. मग सूर असा लागला की शेजारी बसलेल्या शाळेच्या मोठ्या बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. बाईंच्या अंगावर काटा आला. लगेच धास्तीही वाटली. आता सगळे म्हणणार, बघा, पुन्हा घरचीच.

"दोन नंबरच ना?" गाणी संपल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं.

"छे, चार!" बाई घाईने म्हणाल्या. "दोनचा श्वास तोकडा पडतो वरती."

चार नंबर बरी होती, इतकंच.

"तुम्हाला त्यातलं जास्त कळतं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी निकाल सांगून टाकला.

चादर बाजूला झाली. चार नंबरची चिठ्ठी नाचवत लेक धावत आली आणि बाईंच्या गळ्यात पडली.

बाईंनी तिच्या खांद्यावरून पाहिलं. दोन नंबरची चिठ्ठी चष्मेवालीच्या हातात होती. तीही त्यांच्याच शिकवणीची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"आई, खरं सांग, तू मला ओळखलं नव्हतंस ना?" लेकीचे डोळे भरून आले होते. "म्हणजे मी खरंच चांगली गाते!"

"नाही गं, नव्हतं ओळखलं."

तेवढं एक खरं होतं. पुढचंही सांगून टाकावं असं फार वाटलं, पण बाईंनी पदराने लेकीचे डोळे पुसले. लाजेने बाईंचे कान तापले.

चष्मेवाली जवळ आली. "बाई, माझं कुठे चुकलं?"

लेक त्यांचा हात धरून उभी होती. मोठ्या बाई ऐकत होत्या.

"श्वास," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "वरच्या सुराआधीचा."

"हो बाई. करते नीट."

बाई चादरीची घडी घालू लागल्या. बाहेर जिन्यात चष्मेवाली तोच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होती, चूक शोधत.